सतरा सदस्यांचे शहर

ग्रामपंचायतीत किती सदस्य असावेत, हे गावाच्या लोकसंख्येवर ठरते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 आणि त्याखालचे नियम यांनी त्याची एक शिडी आखून दिली आहे. दीड हजारापर्यंत वस्ती असेल तर 7 सदस्य, तीन हजारांपर्यंत 9, साडेचार हजारांपर्यंत 11, सहा हजारांपर्यंत 13, साडेसात हजारांपर्यंत 15. त्यापुढे 17. आणि त्याच्याही पुढे? तिथेही 17च. कायदा लिहिणाऱ्यांच्या नजरेसमोर जे गाव होते, त्यात साडेसात हजार माणसे म्हणजे तालुक्यातले बड्यांतले बडे बाजारगाव. एखाद्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत कारखान्याच्या तीन पाळ्यांची माणसे राहायला येतील, एकेका गल्लीत दहा बाय दहाच्या खोल्यांची रांग उभी राहील आणि तरीही ते सरकारदप्तरी गावच राहील, हे त्यांच्या हिशेबात नव्हते.

छत्रपती संभाजीनगरहून नगर रोडने बाहेर पडले, नगर नाका आणि गोलवाडी फाटा मागे टाकला, की असा मुलूख सुरू होतो. आधी पंढरपूर लागते. आषाढीला सोलापूर जिल्ह्यात जाणे ज्यांना जमत नाही ते इथल्या विठ्ठलाला येतात, म्हणून त्याला ‘छोटे पंढरपूर’ म्हणतात. पुढे एमआयडीसी, बजाजनगर, वडगाव कोल्हाटी, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, घाणेगाव आणि मूळ वाळूज गाव. बजाज ऑटोचा कारखाना इथे 1985 मध्ये सुरू झाला. त्याच्या मागोमाग एन्ड्युरन्स, व्हेरॉक अशा सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या आणि त्यांना माल पुरवणारी शेकडो छोटी वर्कशॉपे आली. जालना, बीड, परभणी, बुलढाण्याकडून आणि पुढे बिहार-उत्तर प्रदेशातून माणसे आली. बोलताना सगळे या अख्ख्या पट्ट्याला ‘वाळूज’ म्हणतात. कागदावर मात्र वाळूज म्हणजे गंगापूर तालुक्यातले एक गाव. रांजणगावही गंगापुरात. बजाजनगर आणि वडगाव कोल्हाटी शहराच्या तालुक्यात. म्हणजे एका कारखान्यात शेजारी शेजारी उभे राहून काम करणारे दोन कामगार दोन तालुक्यांत राहतात आणि विधानसभेला वेगवेगळे आमदार निवडतात. एकाचा मतदारसंघ गंगापूर, दुसऱ्याचा औरंगाबाद पश्चिम.

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात शासनाचे प्रकार एकेका परिच्छेदात येतात: प्रत्यक्ष लोकशाही, प्रातिनिधिक लोकशाही, संसदीय पद्धत, अध्यक्षीय पद्धत, नोकरशाही. मुले ते पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरतात. प्रत्येक प्रकारापुढे एक देश लिहिलेला असतो, त्यामुळे ते सगळे परदेशातच असतात असे वाटते. वाळूजमध्ये हे सारे प्रकार चार-पाच किलोमीटरांच्या परिघात एकत्र नांदतात, आणि एकाच माणसावर एकाच वेळी लागू होतात.

बजाजनगरच्या रस्त्यावरचा एक खड्डा घेऊ. बजाजनगर ही एमआयडीसीच्या हद्दीतली निवासी वसाहत. इथला भूखंड एमआयडीसीचा, रस्ता एमआयडीसीचा, जायकवाडीतून येणारे पाणीही एमआयडीसीचे. घरपट्टी मात्र वडगाव कोल्हाटी-बजाजनगर ग्रामपंचायतीची. रस्त्याची तक्रार घेऊन ग्रामपंचायतीत गेलात तर सदस्य एमआयडीसीकडे बोट दाखवणार, आणि ते खोटे बोलत आहेत असेही म्हणता येणार नाही. एमआयडीसी हे 1961च्या कायद्याने उभारलेले महामंडळ. त्याचे अध्यक्षपद राज्याच्या उद्योगमंत्र्याकडे असते, बाकी कारभार नेमलेल्या अधिकाऱ्यांचा. बजाजनगरच्या मतदाराने त्यांच्यापैकी कोणालाही निवडून दिलेले नाही.

मग हा कारभार लोकशाहीबाहेरचा आहे का? तसेही नाही. साखळी आहे, पण लांब आहे. तुम्ही आमदार निवडता, 288 आमदारांच्या सभागृहात ज्याच्यामागे बहुमत तो मुख्यमंत्री, त्याने नेमलेला उद्योगमंत्री, मंत्र्याच्या अध्यक्षतेखालचे महामंडळ, महामंडळाचे प्रादेशिक कार्यालय, कार्यकारी अभियंता, आणि मग तुमच्या दारातला खड्डा. तुमचा आमदार विधानसभेत तारांकित प्रश्न विचारू शकतो, लक्षवेधी सूचना मांडू शकतो. संसदीय पद्धतीत मंत्र्याला सभागृहापुढे उत्तर द्यावे लागते, ते याच वाटेने. पण एका खड्ड्यासाठी मुंबई-नागपूरची अधिवेशने गाठायची, तर लोकशाही आहे एवढेच समाधान उरते. खड्डा दुसऱ्या पावसाळ्यालाही तिथेच असतो.

यात सिडकोची भर घाला. वाळूज परिसरातल्या 18 गावांसाठी ‘वाळूज महानगर’ या नावाने सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले. कुठे घरे, कुठे रस्ता, कुठे बाग, हे आखण्याचा अधिकार महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 खाली अशा प्राधिकरणाला मिळतो. सिडको ही तर कंपनीच, 1970 मध्ये नव्या मुंबईसाठी काढलेली. म्हणजे गावाचा नकाशा एका कंपनीने काढायचा, पाणी एका महामंडळाने द्यायचे, दिवाबत्ती आणि कचरा निवडून आलेल्या सतरा जणांनी बघायचा, आणि शाळा-दवाखाने जिल्हा परिषदेने. या सगळ्यांचे दरवाजे वेगळे, कागद वेगळे. कोणते काम कोणाचे, हे ज्याला कळते तो इथे आपोआप पुढारी होतो. वाळूजमधले निम्मे राजकारण म्हणजे कोणत्या दारात जायचे याची माहिती असणे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

आता सरपंच. संसदीय आणि अध्यक्षीय पद्धतीतला फरक समजून घ्यायला लंडन-वॉशिंग्टनपर्यंत जाण्याची गरज नाही, महाराष्ट्रातल्या सरपंचाने तो पाच वर्षांत तीनदा अंगावर घेतला आहे. 2017च्या जुलैपर्यंत लोक सदस्य निवडत आणि सदस्य आपल्यातून सरपंच. हे छोटे संसदीय सरकारच. ज्याच्यामागे सतरापैकी नऊ, तो सरपंच. हे नऊ फुटू नयेत म्हणून निकालानंतर सदस्य ‘सहलीला’ जात. कोणी महाबळेश्वरला, कोणी गोव्याला, आणि सगळ्यांचे फोन बंद. सरपंच निवडीच्या दिवशी गाड्या थेट ग्रामपंचायतीच्या दारात. आमदारांच्या रिसॉर्टवरच्या मुक्कामाने देशभर बातम्या होतात, पण ती युक्ती गावाला नवी नव्हती.

2017 मध्ये तत्कालीन सरकारने सरपंच थेट जनतेतून निवडायचे ठरवले. त्यासोबत 1995 मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराला सातवी उत्तीर्ण असण्याची अटही आली. आता मतदाराच्या हातात दोन निवडी: एक प्रभागातल्या सदस्यांसाठी, एक अख्ख्या गावाच्या सरपंचासाठी. सहली थांबल्या. पण नवीच पंचाईत उभी राहिली. सरपंच एका पॅनलचा आणि बहुमत दुसऱ्या पॅनलचे, असे बऱ्याच गावांत झाले. सरपंचाला लोकांनी थेट निवडलेले, म्हणून तो कोणाला जुमानत नाही. सदस्यांनाही लोकांनीच निवडलेले, म्हणून ते मासिक सभेत ठराव अडवून धरतात. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि काँग्रेस दुसऱ्या पक्षाची झाली की सरकारी कचेऱ्यांना टाळे लागण्यापर्यंत पाळी येते, त्याचीच ही गावठी आवृत्ती. थेट निवडलेल्या सरपंचाला हटवणेही सोपे नाही. तीन चतुर्थांश सदस्यांनी अविश्वास ठराव मंजूर केला तरी पुढे ग्रामसभेत गुप्त मतदान घ्यावे लागते. ज्यांनी बसवले त्यांनीच उठवायचे, हे तत्त्व म्हणून ठीक आहे.

2019च्या अखेरीस सरकार बदलले आणि 2020 मध्ये थेट निवड रद्द झाली. 2022 मध्ये पुन्हा सरकार बदलले आणि थेट निवड परत आली. दोन्ही वेळा कारणे लोकशाहीच्या भल्याचीच सांगितली गेली. नगराध्यक्षांच्या बाबतीतही हाच लपंडाव चालला आहे. कोणती पद्धत चांगली, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. माझा कल सदस्यांमधून निवडीकडे आहे, कारण गावात एका माणसाच्या हाती पाच वर्षे निर्धास्तपणे सोपवण्यापेक्षा त्याला दर महिन्याला नऊ जणांची समजूत काढायला लावणे मला बरे वाटते. पण मुंबईतल्या सत्तांतरासरशी गावाच्या शासनाचा प्रकार बदलत राहावा, हे कोणत्याच बाजूने समर्थनीय नाही. गावाला याबद्दल कोणी विचारले नव्हते.

विचारायची जागा खरे तर होती, ग्रामसभा. ग्रामपंचायत म्हणजे निवडून आलेले सदस्य, आणि ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदारयादीतला प्रत्येक माणूस. पहिली प्रातिनिधिक, दुसरी प्रत्यक्ष. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने ही दुसरी गोष्ट किती पुढे नेता येते ते दाखवले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ अशी घोषणा देणाऱ्या या गावात निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असेल तर बोलणे चालू राहते. 2009 मध्ये या गावाला आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला तो अशाच सभांच्या बळावर. पण मेंढ्यात सगळे सगळ्यांना ओळखतात.

वाळूज पट्ट्यातल्या ग्रामसभेचे गणित बघा. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरेशी असते. पंधरा टक्क्यांचे शंभर व्हायला जेमतेम 667 मतदार लागतात. म्हणजे त्याहून मोठ्या कोणत्याही गावाला शंभरच पुरे. हजार मतदारांच्या गावात शंभर जण म्हणजे दर दहा माणसांत एक, आणि तेवढे जमणे मुश्कील नाही. समजा, तीस हजार मतदारांची ग्रामपंचायत असेल, तर शंभर म्हणजे तीनशेत एक. शिवाय पहिली सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली तर तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. त्यामुळे हजेरी वहीत बारा-पंधरा सह्या असलेल्या सभेत अख्ख्या आराखड्याला मंजुरी मिळू शकते. आणि ते बेकायदा नसते.

सभांच्या तारखा बघा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या ठरलेल्या. राष्ट्रीय दिवस, म्हणून लोक मोकळे असतील हा त्यामागचा विचार. वाळूजमध्येही या दिवशी कारखाने बंद असतात. पण कारखाना बंद म्हणजे कामगाराला जोडून सुट्टी, आणि जोडून सुट्टी म्हणजे आदल्या रात्रीची एसटी पकडून गाव. रांजणगाव फाट्यावर पिशव्या घेऊन उभी असलेली गर्दी ही त्या दिवसाच्या ग्रामसभेची न आलेली गणपूर्ती असते. तिकडे मूळ गावीही त्याच दिवशी त्याच वेळी ग्रामसभा असते. तिथे तो जातोच असे नाही. वर्षातून चार दिवस घरी आलेल्या माणसाला आईशी बोलायचे असते, गटाराच्या ठरावावर नाही.

आणि समजा तो वाळूजलाच थांबला, सभेला गेला, तर त्याला बोलता येईल का? ग्रामसभेचा सदस्य व्हायचे तर त्या ग्रामपंचायतीच्या मतदारयादीत नाव हवे. ही यादी वेगळी तयार होत नाही, विधानसभेच्या यादीतूनच ती फोडून घेतली जाते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1950 म्हणतो की जिथे तुम्ही सर्वसाधारणपणे राहता तिथे तुमचे नाव, आणि एका वेळी एकाच ठिकाणी. दहा वर्षे रांजणगावात खोली घेऊन राहणारा माणूस कायद्याच्या नजरेने रांजणगावचा. प्रत्यक्षात त्याचे नाव मंठा नाहीतर घनसावंगी तालुक्यातल्या एखाद्या यादीत असते.

याला लोक अज्ञान म्हणतात, तेव्हा मला राग येतो. तो माणूस हिशेब करूनच तसा वागत असतो. गावच्या यादीत नाव म्हणजे गावाशी असलेल्या नात्याचा एकमेव सरकारी पुरावा, शेतीच्या बांधाच्या भांडणात उपयोगी पडणारा. तिथे ग्रामपंचायतीची जागा पाच-सात मतांनी पडते किंवा निघते, त्यामुळे एका घरातली चार मते मोलाची. मतदानाच्या दिवशी उमेदवार वाळूजपर्यंत गाडी पाठवतो. इथे, वाळूजमध्ये, त्याच्यासाठी कोण गाडी पाठवणार? आणि इथे नाव नोंदवायचे म्हटले तर पत्त्याचा पुरावा हवा. घरमालक भाडेकरार लिहून देत नाही, कारण नोंदणी नको, आणि उद्या खोली खाली करताना अडचण नको. लाइट बिल मालकाच्या नावावर. रेशन कार्ड गावाकडे.

ग्रामपंचायतीच्या कपाटात ‘नमुना 8’ नावाची जाडजूड वही असते, कर आकारणीची. कोणती मिळकत कोणाची, किती चौरस फूट, किती कर. वाळूज पट्ट्यात ही वही फुगत चालली आहे. खोल्या वाढल्या की नोंद वाढते, कर वाढतो. निवडणूक आयोगाचाही एक क्रमांक 8चा अर्ज आहे, पत्ता बदलल्यावर मतदारयादीतले नाव नव्या जागी नेण्यासाठी. पहिल्या आठमुळे खोली गावात येते, दुसऱ्या आठमुळे खोलीत राहणारा. पहिला आठ ग्रामपंचायत स्वतः उठून भरून घेते, दुसऱ्यासाठी माणसाला स्वतःच उठावे लागते. खोलीचा कर भाड्यातून कामगारच भरतो, पण पावती मालकाच्या नावाने फाटते.

इंग्लंडच्या इतिहासात याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मँचेस्टर हे कापडगिरण्यांचे प्रचंड शहर झाले होते, पण ब्रिटिश पार्लमेंटमध्ये त्याचा एकही स्वतंत्र प्रतिनिधी नव्हता. त्याच वेळी ओल्ड सॅरम नावाच्या जवळजवळ ओसाड टेकडीला दोन. जागा जुन्या काळी वाटलेल्या, आणि कारखाने नंतर आलेले. 16 ऑगस्ट 1819 रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर प्रतिनिधित्वाची मागणी करायला जमलेल्या हजारो माणसांवर घोडदळ घातले गेले, त्यात माणसे मेली. 1832च्या सुधारणा कायद्याने मँचेस्टरला दोन जागा मिळाल्या. तरी त्या मँचेस्टरच्या गिरणीकामगाराला स्वतःचे मत मिळायला पुढे आणखी काही दशके लागली. आधी शहराची मोजदाद झाली, माणसाची नंतर.

वाळूजच्या कामगाराला मत आहे, म्हणून ही तुलना फार ताणू नये. पण जागावाटपाचा मुद्दा तोच आहे. साडेसात हजारांच्या वरच्या गावाला 17 सदस्य, म्हणजे एका सदस्यामागे साडेचारशेच्या आसपास माणसे. लोकवस्ती 51,000 धरली तर एकामागे तीन हजार. त्यात लोकसंख्येचा आकडाही शिळा. प्रभाग पाडताना, वित्त आयोगाचा निधी वाटताना 2011ची जनगणना धरली जाते, कारण 2021ची झालीच नाही. पुढची जनगणना 2027ची. मधल्या सोळा वर्षांत आलेली माणसे पाणी पितात, कचरा करतात, रस्त्यावरून चालतात, पण निधीच्या सूत्रात ती नाहीत.

मराठवाड्याला प्रतिनिधित्वाचे आणखी एक जुने प्रकरण आठवले पाहिजे. निझामाच्या राजवटीत, म्हणजे 17 सप्टेंबर 1948 पर्यंत, वाळूज गावच्या शेतकऱ्याला राज्यकारभारात सांगण्यासारखा अधिकार नव्हता. तरी 1930च्या दशकाच्या अखेरीस हैदराबाद संस्थानाने अरवामुद अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली एक सुधारणा समिती नेमली. तिने सुचवलेली कल्पना मोठी चमत्कारिक होती. प्रतिनिधी गावावरून नाही, धंद्यावरून निवडायचे. शेतकरी, व्यापारी, कामगार, वकील, जमीनदार, प्रत्येकाचे आपापले प्रतिनिधी. प्रादेशिक मतदारसंघांतून एकवटलेली जनता राज्यकर्त्यांना नको होती, हा त्यामागचा कावा उघड होता. जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करणाऱ्या स्टेट काँग्रेसने त्या योजनेला साथ दिली नाही. मराठवाड्यातल्या सामान्य माणसाने प्रौढ मतदानाने पहिले मत टाकले ते 1951-52च्या निवडणुकीत.

ती कल्पना वाईट हेतूने आली आणि गेली, ते बरेच झाले. पण धंद्यावरून प्रतिनिधित्व आपल्याकडून पुरते हद्दपार झालेले नाही. महाराष्ट्राच्या विधान परिषदेत 78 जागा आहेत. त्यांत 7 शिक्षकांसाठी आणि 7 पदवीधरांसाठी. मराठवाड्याचाही एक शिक्षक आमदार आणि एक पदवीधर आमदार असतो. कामगारांचा नाही. आणखी 22 जागा स्थानिक स्वराज्य संस्थांतून भरल्या जातात, त्यात जिल्हा परिषद सदस्य मतदान करतात, नगरसेवक करतात, पंचायत समितीचे सभापती करतात. ग्रामपंचायत सदस्याला तिथे मत नाही. पाच-सहाशे मतदारांच्या प्रभागातून आलेला एखाद्या लहान गावचा नगरसेवक विधान परिषदेचा आमदार निवडू शकतो, वाळूज पट्ट्यातले सतराच्या सतरा सदस्य मिळूनही नाही. राहता राहिले उद्योजक. त्यांच्या ‘मसिआ’ आणि ‘सीएमआयए’ या संघटना आहेत. विजेचे दर असोत की रस्ते, त्यांची शिष्टमंडळे मंत्र्यांना भेटतात, निवेदने देतात, बातम्या छापून येतात. मत नसलेल्या कारखान्याला आवाज आहे. त्यात गैर काही नाही, संघटित होऊन बोलणे हाही नागरी सहभागच. भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांची तशी संघटना मात्र नाही.

मग हे सारे मिळून एक नगरपालिका का करत नाहीत? मागणी अधूनमधून उठते आणि भिजत घोंगडे तसेच राहते. कायद्याच्या बाजूने अडचण नाही. 1965चा महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम पंचवीस हजारांपुढच्या नागरी वस्तीला नगरपरिषदेचा दर्जा देऊ शकतो, लाखापुढे तर ‘अ’ वर्ग. अडचण आहे ती हिशेबाची. नगरपालिका आली की अनेक सरपंचपदे आणि सदस्यपदे एका फटक्यात जातात, जिल्हा परिषदेचे गट जातात. घरपट्टी वाढेल ही भीती खरीच असते. जुन्या गावकऱ्यांना वाटते की भाडेकरूंच्या लोंढ्यात आपले गाव बुडेल. आणि भाडेकरू ना बाजूने बोलतो ना विरोधात, कारण त्याचे मत मंठ्यात.

संविधानाच्या 243-थ कलमात एक पळवाटही आहे. एखाद्या क्षेत्रात उद्योगच नागरी सेवा देत असेल, तर राज्यपाल त्याला ‘औद्योगिक नगरी’ ठरवू शकतात आणि मग तिथे नगरपालिका स्थापण्याचे बंधन राहत नाही. झारखंडमधल्या जमशेदपूरला शतक उलटले तरी निवडून आलेली नगरपालिका नाही, तिथला कारभार टाटांच्या भोवती फिरतो. रस्ते चांगले, पाणी चांगले, असे तिथले लोक सांगतात. आपल्याच जिल्ह्यात, शहराच्या दुसऱ्या अंगाला, शेंद्रा-बिडकीनमध्ये ‘ऑरिक’ उभे राहिले आहे. ते चालवणाऱ्या कंपनीत एमआयडीसीचे 51 टक्के आणि केंद्राच्या औद्योगिक कॉरिडॉर संस्थेचे 49 टक्के भाग. ऑरिकचे रुंद रस्ते आणि भूमिगत तारा बघून वाळूजच्या माणसाला हेवा वाटला तर नवल नाही. चांगला रस्ता आणि स्वतः निवडलेला माणूस, या दोन्ही गोष्टी एकत्र का मिळू नयेत, हा प्रश्न मात्र त्या रुंद रस्त्यांवर कोणी विचारत नाही. आणि निवडलेली माणसेही कायमची नसतात, हे शहराने पाहिले. महापालिकेची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपली आणि पुढे पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या सहीने कारभार चालला. जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, तिथेही तीन वर्षांहून अधिक काळ तेच.

याच वाळूज महानगराला खेटून पाटोदा आहे. भास्करराव पेरे पाटलांमुळे हे गाव राज्यभर गाजले. वेळेवर सगळा कर भरणाऱ्या घराला वर्षभर दळण फुकट, कार्डावर शुद्ध पाणी, अंघोळीला गरम पाणी. कर भरा आणि बदल्यात हे घ्या, असा रोखठोक सौदा. लोक कर बुडवतात असे रडणाऱ्या शेकडो ग्रामसेवकांनी पाटोद्याला सहली काढल्या. जानेवारी 2021च्या ग्रामपंचायत निवडणुकीत पेरे पाटील स्वतः रिंगणात नव्हते, त्यांच्या कन्या उभ्या होत्या, आणि त्या पडल्या. ‘एवढे करूनही गावाने पाडले’ अशी हळहळ राज्यभर झाली. त्याच निवडणुकीत नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात तीस वर्षांनंतर पहिल्यांदा मतदान झाले. तोवर सगळे बिनविरोध होते. तिथे पोपटराव पवारांच्या पॅनलने सातही जागा जिंकल्या. बिनविरोध निवडीला आपल्याकडे बक्षिसे देतात, तिचे कौतुक होते. मला हिवरे बाजारची 2021ची निवडणूक आधीच्या तीस वर्षांच्या एकमतापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. पवारांना गाव मानते, हे पहिल्यांदा मोजून कळले. पाटोद्यातही तेच झाले, फक्त मोजणीचे उत्तर वेगळे आले. त्याच महिन्यात नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी इथे सरपंचपदाचा चक्क लिलाव झाल्याचे उघड झाले, आणि राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही निवडणुका रद्द केल्या. बोली लावणारे म्हणत होते, पैसा देवळाला जाणार आहे.

वाळूजच्या भाडेकरूपुढे यातला कोणता रस्ता आहे? मोर्चा काढणे, निवेदन देणे, माहिती अधिकाराचा अर्ज टाकणे, यांतले काहीही मतदार नसतानाही करता येते. माहितीचा अर्ज तर दहा रुपयांचा. ग्रामपंचायतीने पाण्यावर किती खर्च केला, कारखान्यांकडून करांच्या बदल्यात ठोक रक्कम किती आली, हे कोणताही नागरिक विचारू शकतो, रांजणगावचा असो की रावेरचा. पण ठरावावर हात वर करायचा असेल तर यादी लागते, आणि यादीचे एक वेळापत्रक असते. 2022 पासून 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा झाल्या, त्यामुळे नव्याने अठरा वर्षांच्या झालेल्यांना वर्षभर थांबावे लागत नाही. क्रमांक 8चा अर्ज फोनवरूनही भरता येतो. भाडेकरार नसेल तर बँकेच्या पासबुकावरचा, गॅसच्या पुस्तकावरचा इथला पत्ता चालतो. शेवटी बूथ पातळीवरचा अधिकारी खोलीवर येऊन खात्री करतो. तो दिवसा येतो आणि पहिल्या पाळीचा माणूस तेव्हा कारखान्यात असतो, म्हणून शेजाऱ्याला सांगून ठेवावे लागते.

निवडणूक जाहीर झाल्यावर प्रभागांच्या प्रारूप याद्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागतात, हरकती मागवल्या जातात. तेव्हा मोटारसायकली फिरू लागतात, चहा मिळू लागतो, कार्यकर्ते नावे शोधून देतात. पण त्या टप्प्यावर नाव चुकीच्या प्रभागात पडले असेल किंवा लिहिताना चूक झाली असेल तरच दुरुस्ती होते. विधानसभेच्या यादीत ठरलेल्या तारखेपर्यंत जे नाव नव्हते ते तिथे घालता येत नाही, मग तहसीलदाराशी कोणाची कितीही ओळख असो.